पाणी देऊनही फिटोनिया मान टाकते, तेव्हा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गुलाबी शिरांची छोटी फिटोनिया घरी आणून पाच आठवडे झाले. आल्या आल्या तुम्ही ती प्लॅस्टिकच्या लहान कुंडीतून काढून चिनी मातीच्या मोठ्या, देखण्या कुंडीत लावली. सुरुवातीला ती दुपारी मान टाकायची आणि पाणी दिलं की तासा-दोन तासांत उभी राहायची. आता पाणी देऊनही उठत नाही. खालची पानं पिवळी पडून गळताहेत, वरची नवी पानं फिकट हिरवी येताहेत, गुलाबी रंग उतरत चाललाय. दिवसातून दोनदा पानांवर फवारा मारणं चालू आहे. आणि तुमचा प्रश्न आहे, ‘अजून किती पाणी देऊ?’

आज अजिबात देऊ नका. आधी कुंडी उचलून वजन बघा, बोट दोन सेंटिमीटर मातीत खुपसून बघा आणि माती हुंगून बघा. कुंडी जड, माती थंड-ओली आणि वास कुबट असेल, तर तुमची फिटोनिया तहानलेली नाही, बुडालेली आहे. गेली बारा वर्षं मी एका रोपवाटिकेत घरात ठेवायच्या झाडांचा विभाग सांभाळते. तिथे आजारी म्हणून परत येणाऱ्या फिटोनियांत तहानेने गेलेली क्वचितच सापडते. बहुतेक सगळ्या पाण्याने गेलेल्या असतात, आणि त्या आणणारी माणसं झाडावर मनापासून माया करणारी असतात. त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. हे झाड फसवतंच तसं.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या आधीच सांगते. नव्या कुंडीला खाली भोक आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. खिडकी किती दूर, खोलीत एसी किंवा पंखा किती वेळ चालतो, माती कोणती घातली, हेही माहीत नाही. म्हणून नुसतं ‘असं करा’ न म्हणता त्यामागचं कारणही सांगते, म्हणजे तुमच्या घरच्या परिस्थितीला ते तुम्हालाच लावून बघता येईल.

फिटोनियाच्या खोडात लाकूड जवळजवळ नसतं. ती उभी राहते ती पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर, सायकलची ट्यूब हवा भरल्यावर ताठ होते तशी. पानांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ होऊन जात असते आणि मुळं खालून भरपाई करत असतात. भरपाई कमी पडली की दाब उतरतो आणि अख्खं झाड पसरतं. शेजारी ठेवलेलं जाड पानांचं झाड तेवढ्याच तहानेत काही दाखवणारही नाही. फिटोनियाची पानं पातळ, मुळं बारीक आणि वरवरची. तिच्याकडे साठवणच नसते.

आता हा दाब दोन कारणांनी उतरतो. एक, मातीत पाणीच नाही. दोन, मातीत पाणी भरपूर आहे पण ते ओढणारी मुळं उरलेली नाहीत. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या सतत पाण्याने भरून राहिल्या की मुळांच्या पेशी गुदमरून मरायला लागतात आणि मूळकुजीच्या रोगजंतूंना रान मोकळं मिळतं. दोन्ही वेळा झाड वरून अगदी सारखं दिसतं: लोळलेलं, मलूल, केविलवाणं. आपण ते बघतो आणि तांब्या उचलतो. पहिल्या कारणावर तो उपाय असतो, दुसऱ्या कारणात तोच घाव ठरतो.

हे मी फार महाग किंमत देऊन शिकले. कामाच्या पहिल्या वर्षी फिटोनियाच्या पाच-सहा ट्रे माझ्याकडे होत्या. संध्याकाळी जे झाड पडलेलं दिसेल त्याला मी पाणी घालायचे. आठवडाभर ती सगळी छान उठत होती. मग काही उठेनाशी झाली, म्हणून त्यांना मी जास्त घालायला लागले. महिन्याभरात अर्ध्याहून जास्त झाडं खोडाशी काळी पडून गेली. तेव्हा विभाग बघणाऱ्या ताईंनी दोन कुंड्या माझ्या दोन हातांत दिल्या. दोन्ही झाडं सारखीच पडलेली, पण एक कुंडी पिसासारखी हलकी आणि दुसरी दगडासारखी जड. तेव्हापासून कुंडी हातात घेतल्याशिवाय मी फिटोनियाला पाणी देत नाही.

तुमच्या वर्णनात मला क्रम असा दिसतो. झाड आलं ते काचघरातल्या दमट हवेतून, तुमच्या खोलीच्या कोरड्या हवेत. त्याच दिवशी कुंडी बदलल्यामुळे बारीक मुळं थोडी तुटली असणार. म्हणून पहिले दिवस दुपारी ते खरंच दमायचं आणि पाण्याने सावरायचं. पण मोठ्या कुंडीत मुळांच्या आवाक्याबाहेरची माती बरीच असते. ती माती पाणी धरून बसते, पिणारं कोणी नसतं. वरचा थर सुकलेला दिसायचा, तुम्ही पाणी द्यायचात, तळ ओलाच राहायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुळं कुजायला लागली असावीत, आणि खालची पानं पिवळी पडणं हा त्याचाच पुरावा.

कुंडीच्या तळाशी पाणी का साचतं, हे बघायचं असेल तर घरातला जाड स्पंज घ्या. तो पूर्ण भिजवून आडवा, सपाट धरा आणि ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. म्हणजे उंची कमी असेल तेव्हा तळाचा मोठा भाग पाणी सोडतच नव्हता. मातीचंही तसंच असतं. भोक असलं तरी कुंडीच्या अगदी तळाशी एक ओला थर राहतोच. म्हणूनच तळाला खडी घालण्याचा सल्ला मला पटत नाही. त्या थराने निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, त्यामुळे ओला थर तेवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो.

आता झाड वाचवायचं. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर घ्या. मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतील, तर फार बिघडलेलं नाही. तपकिरी, लिबलिबीत असतील आणि चिमटीत ओढल्यावर वरची साल निघून आत नुसता दोरा उरत असेल, तर ती मेलेली आहेत. मेलेली सगळी स्वच्छ कात्रीने कापा. ओली माती हाताने सुटेल तेवढी सोडवा, खरवडू नका. मग मुळांचा उरलेला गोळा जेमतेम मावेल अशी कुंडी घ्या. बहुतेक वेळा ८ ते १० सेंटिमीटर व्यासाची पुरते, आणि तळाला भोक हवंच. ती देखणी चिनी मातीची कुंडी फेकायची नाही. लहान कुंडी तिच्या आत ठेवा, पाणी द्यायला बाहेर काढा, निथळली की परत ठेवा.

मिश्रण मी असं करते: तीन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), एक भाग नीट कुजलेलं, चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट धुतलेलं म्हणते, कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतात आणि फिटोनियाची मुळं त्यांना फार लवकर कंटाळतात. ठोकळा भिजवून पाणी दोन-तीनदा काढून टाकलं की झालं. बागेतली चिकण माती या लहानशा कुंडीत घालू नका.

मुळं कापली तशी वरची पानंही थोडी कमी करावी लागतात, कारण अर्ध्या मुळांना पूर्ण पानांची तहान भागवता येत नाही. आणि इथे माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: कापलेले शेंडे टाकू नका, त्यांची रोपं करा. झाड जगेल की नाही हे आज सांगता येत नाही, पण शेंडे बहुतेक जगतात. रानात ही वनस्पती जमिनीवर सरपटत जाते आणि जिथे पेर मातीला टेकतं तिथे मूळ फोडते, ती सवय आपल्या कामाची. ५ ते ८ सेंटिमीटरचे टणक शेंडे घ्या, पेराच्या किंचित खाली कापा, खालची दोन पानं काढा, ते पेर ओलसर मिश्रणात पुरलं जाईल असं लावा. वरून पारदर्शक डबा उपडा घाला. आत दमटपणा राहिला की पानं पाणी गमावत नाहीत, आणि मुळं फुटायला फुरसत मिळते. साधारण दोन-तीन आठवड्यांत हलकेच ओढून बघा. शेंडा हाताला धरून ठेवल्यासारखा लागला की मूळ धरलं. नुसत्या पाण्यातही मुळं फुटतात, पण मातीत हलवताना ती पुन्हा दमतात, म्हणून मी थेट मिश्रणातच लावते. जे खोड बुडाशी काळं आणि मऊ झालंय त्याचं कलम करू नका. वरचा शेंडा निरोगी असेल तर तेवढाच घ्या.

म्हणजे या आठवड्याचं काम एवढंच: पाणी थांबवायचं, मुळं बघायची, मेलेली कापायची, लहान कुंडीत लावायचं, चार-पाच शेंडे डब्याखाली ठेवायचे. मिश्रणातल्या गांडूळखतापलीकडे खत अजिबात द्यायचं नाही. आजारी मुळांना खतातले क्षार आणखी भाजतात.

सावरल्यावर पाणी किती? वाराने ठरवू नका. ‘सोमवारी आणि गुरुवारी’ असं जे करतात त्यांची फिटोनिया ऋतू बदलला की हमखास बिघडते, कारण झाडाची तहान उजेड, उष्णता आणि हवा यांच्यावर ठरते, पंचांगावर नाही. वरचा साधारण एक सेंटिमीटर थर कोरडा लागला आणि कुंडी हलकी वाटली की द्या. द्याल तेव्हा मात्र पोटभर: खालून वाहेपर्यंत. रोज दोन चमचे पाणी देणं ही वाईट सवय. त्याने वरचा थर सतत ओला राहतो, चिलटं होतात, आणि क्षार मातीत साठत जातात. पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून टाका. पूर्ण सुकलेलं कोकोपीट कधी कधी पाणी धरत नाही. पाणी कडेने सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं की झाड भिजलं. तेव्हा कुंडी पाण्याच्या भांड्यात वीसेक मिनिटं ठेवून खालून शोषू द्या.

आणि कधीतरी कोरडी पडून मान टाकली तर घाबरू नका. एक-दोनदा ती उठते, पूर्ण उठते. पण तिला मान टाकायची वाट बघायला लावायचं आणि मग पाणी द्यायचं, ही पद्धत करू नका. दर वेळी टोकाची बारीक मुळं मरतात आणि पानांच्या कडा करपतात.

आता फवारा. यावर माझं मत जरा कडक आहे. फवाऱ्याने पानाभोवतीची हवा दमट होते ती काही मिनिटं. पाणी वाळलं की हवा पुन्हा खोलीसारखीच. दिवसातून दोनदा फवारून दिवसभराचा कोरडेपणा भरून निघत नाही. उलट दाट पानांच्या खाली ओल साचून पानं सडतात आणि पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके सुंदर पानांवर उरतात. तुमच्या बाबतीत आणखी एक झालं असावं: फवाऱ्याचं पाणी ओघळून आधीच ओल्या मातीत उतरत राहिलं. मातीतली ओल आणि हवेतली ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिटोनियाला हवेत जास्त आणि मातीत बेताची लागते. आपण बहुतेक वेळा तिला उलटं देतो.

तिचं मूळ घर आठवलं की हे लगेच पटतं. ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू, कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया या भागांतल्या पर्जन्यवनांची, उंच झाडांच्या सावलीत पालापाचोळ्यावर पसरणारी. तिथली हवा कायम दमट, पण पायाखाली भुसभुशीत, हवेशीर पाचोळा. कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे: अबोली आणि अडुळसा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. म्हणूनच हिला येणारा तुरा बघितला तर अबोलीच्या कणसाची आठवण होते. तिच्या जातीचं शास्त्रीय नाव अल्बिव्हेनिस, म्हणजे पांढऱ्या शिरांची. तुमची गुलाबी आणि शेजारणीची पांढरी, दोघी एकाच जातीच्या.

हवेतला दमटपणा वाढवायचा तर दोन-चार झाडं जवळजवळ ठेवा, एसीचा आणि पंख्याचा थेट झोत टाळा. खड्यांच्या ताटलीतल्या पाण्याने थोडासाच फरक पडतो. खोली फारच कोरडी असेल, तर सरळ काचेची बरणी किंवा काचपेटी. या झाडासाठी याहून चांगलं घर मला माहीत नाही. ही युक्ती जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. कोशाकडे लक्ष असताना त्यांना दिसलं की बाटलीतल्या मातीत नेचा आणि गवत आपोआप उगवलंय, जे शहराच्या धुरकट हवेत त्यांच्या बागेत जगतच नव्हतं. पानांतून गेलेली वाफ काचेवर जमायची आणि परत मातीत उतरायची. पुढे अशाच काचपेट्यांतून जगभर जहाजांवरून रोपं जाऊ लागली.

तुमची करायची असेल तर रुंद तोंडाची बरणी घ्या, त्यात वरचंच मिश्रण घाला आणि नुकतीच मुळं फुटलेली रोपं लावा. पाणी अगदी जपून द्या, कारण बरणीला भोक नसतं आणि चुकलेलं पाणी बाहेर काढता येत नाही. सकाळी काचेवर थोडं धुकं आणि दुपारी ते विरलेलं, एवढं पुरे. दिवसभर काच गच्च धुरकट असेल तर झाकण काही तास उघडं ठेवा. बरणीवर थेट ऊन मात्र कधीच पडू देऊ नका. बंद काचेत ऊन शिरलं की थोड्याच वेळात आतली पानं शिजून निघतात. आजारी झाड मात्र बरणीत घालू नका, कूज तिथे फार वेगाने पसरते.

रंग उतरण्याचं कारण बहुतेक उजेड आहे. पानावरच्या गुलाबी-पांढऱ्या शिरांत हरितद्रव्य कमी असतं, म्हणजे अन्न बनवण्याच्या हिशोबाने ती जागा पडीक. अंधाऱ्या कोपऱ्यात झाडाला ही चैन परवडत नाही. नवी पानं हिरवी येतात, पेरांमधलं अंतर वाढतं, झाड लांबट आणि विरळ होतं. ‘सावलीतलं झाड’ हे ऐकून लोक तिला खोलीच्या आतल्या टोकाला ठेवतात. पण जंगलातली सावली उघड्या आकाशाखालची असते, खोलीतला कोपरा त्याहून कितीतरी काळोखा. खिडकीपासून एक-दीड मीटरच्या आत ठेवा, थेट ऊन लागणार नाही असं. दुपारी पानांच्या वर वीतभर हात धरून सावली बघा: मऊ कडांची पण स्पष्ट सावली पडली तर उजेड पुरेसा, काहीच दिसली नाही तर कमी, आणि काळी, रेखीव पडली तर जास्त. जास्त उन्हातही रंग उतरतो, पण तेव्हा पान विटल्यासारखं फिकट होऊन कडा कुरकुरीत होतात. तुमची पानं हिरवी होताहेत, म्हणून मी उजेड कमी असं म्हणते. खिडकी नसेल तर साधा पांढरा एलईडी दिवा पानांपासून फूटभर अंतरावर रोज बारा तास लावा. या झाडावर तो उत्तम चालतो. आधीची हिरवी झालेली पानं फारशी रंगणार नाहीत, रंग नव्या पानांत बघा.

झाड लागलं, नवी पानं यायला लागली, की मग दोन गोष्टी. महिन्यातून एकदा द्रवरूप खत, पाकिटावर लिहिल्याच्या पाव ते अर्ध्या मात्रेत, ओल्या मातीवर. आणि शेंडे खुडत राहा. प्रत्येक खुडलेल्या जागी दोन फांद्या फुटतात, झाड बुटकं आणि भरगच्च राहतं. फुलांचा तुरा आला तर मी खुडते. फुलं बारीक आणि फिकट, आणि झाडाची शक्ती मात्र तिकडे जाते. तुम्हाला बघायला आवडत असेल तर ठेवा, त्याने झाड मरत नाही. थंडीची तिला खरी भीती असते. १८ ते २६ अंश तिला मानवतं, १५ च्या खाली गेलं की वाढ थांबते आणि ओल्या मातीत कूज पटकन धरते, म्हणून थंडीत पाणी आणखी लांबवा.

पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याने पुसून काढा आणि आठवड्याने पुन्हा बघा. घरात मांजर असेल तर निर्धास्त राहा, फिटोनिया मांजर-कुत्र्यांना विषारी नाही.

एवढं करूनही दीड-दोन वर्षांनी ती बुडाशी उघडी पडेल. तो आजार समजू नका, तिचं वाढणंच तसं आहे. तेव्हा शेंडे कापून त्याच कुंडीत नवी रोपं दाटीने लावा. माझ्याकडे आज जी गुलाबी फिटोनिया आहे, ती त्या पहिल्या वर्षीच्या वाचलेल्या ट्रेमधल्या एका झाडाच्या शेंड्यांची कितवी तरी पिढी आहे.

झाड बाहेर काढलंत की मुळं कशी निघाली आणि कुंडीला भोक होतं का, तेवढं लिहा. खोड बुडाशी टणक असेल तर मूळ झाडासाठी थोडी खटपट करू. मऊ असेल तर ते सोडून द्या आणि सगळं लक्ष शेंड्यांवर ठेवा.